दार नाही

“मला आता तुझ्याबद्दल मुळी तक्रार नाही,” शर्वाणी गझल म्हणत होती. ‘तक्रार’ तिच्या ओठांवर यायच्या आतच ऑनलाइन कट्ट्यावरच्या शेकडो श्रोत्यांनी तो शब्द उचलला. कवीच्या मनात आलेलं कपाळावरच्या पट्टीतून थेट श्रोत्यांच्या स्क्रीनवर उमटायचं. त्याने मैफल रंगते म्हणे.

समोर सोफ्यावर तिचा नवरा हेरंब हाताची घडी घालून ऐकत होता.

एक शेर तिने मुद्दाम गाळला होता. तो आठवायचाच नाही, असं तिने मनाला बजावलं आणि तिथेच घात झाला.

“किती खिडक्या तुझ्या या घरकुलाला, दार नाही!” श्रोते एका सुरात म्हणाले. “वा, ताई! पुन्हा एकदा!”

हेरंब उठला. “हे घरकुल म्हणजे आपलंच ना गं?” त्याने अगदी शांतपणे विचारलं आणि दाराला आतून कडी घातली.

शर्वाणीने पट्टी ओढली, पण ती केसांत अडकली. तिच्या मनात आता एकच शब्द उरला होता. पुढचं यमक सापडलं म्हणून श्रोते खुशीत ओरडले, “मार! मार!”