मारून बघा

प्रेशरच्या पाण्याने फरश्या-आवारं धुऊन द्यायचा धंदा सुरू करायचा होता, म्हणून मशीन घ्यायला गेलो. विजेवरचं घ्यावं की पेट्रोलवरचं, एवढंच विचारलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," दुकानदार म्हणाला. "आमच्या मागच्या आवारात मारून बघा."

सोमवारी विजेवरचं मारलं. शेवाळ गेलं, पण ऑइलचे डाग जाईनात. मंगळवारी पेट्रोलवरचं मारलं. डाग गेले आणि माझे खांदे भरून आले. बुधवारी त्याने गरम पाण्याचं मशीन काढून दिलं आणि गटाराकडची बाजू दाखवली. बायको रोज विचारायची, "ठरलं का?" मी ओले बूट काढून वाळत ठेवायचो.

गुरुवारी मात्र माझं डोकं सटकलं. "आज सांगाच, यातलं कुठलं घेऊ?"

"घाई कसली? अजून भिंत राहिलीय. खरं काय ते भिंतीवरच कळतं."

तेवढ्यात शेजारचा गॅरेजवाला डोकावला. लख्ख आवार बघून म्हणाला, "कुणाकडून धुऊन घेतलंत? मलाही घ्यायचंय."

दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं. "आपलाच माणूस आहे. भिंत झाली की पाठवतो."