खणातलं बाळ

"आजोबा, जरा मागे सरका ना," मार्गदर्शक मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

म्हातारा सुतार अर्धं पाऊल मागे सरला. उजवा हात कोटाच्या खिशात, नजर चित्रावर.

अतिवास्तववादी चित्रांच्या प्रदर्शनातली ही तिची पहिलीच फेरी, तीही परीक्षेची. संग्रहालयाच्या प्रमुख बाई घोळक्यामागे वही-पेन्सिल घेऊन उभ्या होत्या. फेरी जमली तर नोकरी, नाहीतर घरचा रस्ता. इथवर सगळं झकास चाललं होतं. आजच्या जाहिराती आणि सिनेमांवर या चित्रकारांची कशी छाप आहे, तेही तिनं झोकात सांगितलं. आणि नेमका इथे हा म्हातारा खांब रोवल्यासारखा उभा!

चित्रच तसं होतं म्हणा. चहूकडे गढूळ पाणी, झाडाच्या बेचक्यात अडकलेलं लाकडी कपाट, कपाटाचा एक खण उघडा. त्या खणात एक तान्हं बाळ गाढ झोपलेलं, उजवी मूठ घट्ट मिटून. सगळा घोळका श्वास रोखून बघत होता.

"चित्रकार कोण, ते ठाऊक नाही," मुलगी हळू आवाजात म्हणाली. तिच्याही अंगावर काटा आला होता. "पण हे स्वप्न आहे. पाणी म्हणजे आपलं मन, कपाट म्हणजे आठवणी."

"स्वप्न कशावरून?" सुतारानं विचारलं.

"अहो, कपाट कधी झाडावर चढतं का?"

लोक हसले. सुतार हसला नाही.

"सागवानी आहे, पोरी. सांधे पक्के असले की तरंगतं. आणि हे बघ, बाकीच्या खणांना पितळी नॉब आहेत. या उघड्या खणाला नुसतं भोक. स्वप्नात एवढा हिशेब कोण ठेवतं?"

मुलीनं वाकून पाहिलं. खरंच की! तयारीसाठी महिनाभर रोज बघूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"बरं, बाळाच्या मुठीत काय आहे?" त्यानं विचारलं.

उत्तर तिला तोंडपाठ होतं. मुठीत सृष्टीचं बीज आहे, असं टिपणात लिहिलं होतं. मागे पेन्सिल सरसावली. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या डोळ्यांसमोर थाप मारायला तिची जीभ रेटेना.

"नाही माहीत, आजोबा," ती म्हणाली. "खरं सांगते, कुणालाच माहीत नाही."

प्रमुख बाईंनी वहीत काहीतरी खरडलं. गेली नोकरी, मुलीच्या मनात आलं.

"म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं," सुतार चित्राकडे बघत पुटपुटला. "आई त्या पुराची गोष्ट सांगायची, आणि आम्ही जन्मभर तिला थापाडी म्हणत राहिलो."

त्यानं खिशातला हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळहातावर, हिरवा पडलेला, एक पितळी नॉब होता.