घरचा सूर

"आणखी खाली," सेकुरू म्हणाले.

वोंगाईनं लॅपटॉपवर सूर केसभर उतरवला आणि पुन्हा वाजवला.

"आता वर."

"आत्ताच तर खाली म्हणालात, सेकुरू!" स्क्रीनवरून मान न उचलता ती कुरकुरली. आजोबांनी पुन्हा वर बोट दाखवलं. म्हातारा हट्टी खराच.

घरचा म्बिरा, फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडायचं ते वाद्य, झोपडीच्या आगीत जळाला होता. पूर्वजांना हाक घालायची ती त्याच्याच सुरात; दुसऱ्या घरच्या म्बिऱ्याला ते ओ देत नाहीत. कापणीनंतरच्या जागरात नवा म्बिरा वाजला नाही, तर सेकुरूंनी जन्मभर राखलेला मान संपला. लोखंडी पट्ट्या ठोकायला लोहार तयार होता, पण सूर कोण सांगणार?

वोंगाई हरारेत संगीताचे कॉम्प्युटर-प्रोग्रॅम लिहायची. तयार प्रोग्रॅममध्ये सगळे पियानोचे सूर. घरचे सूर त्यांच्या फटींत कुठेतरी बसायचे. म्हणून तिनं हवा तसा सरकवता येईल असा सूर स्वतः बांधला होता, आणि दर रविवारी गावी येऊन एकेक पट्टी आजोबांकडून पक्की करून घेत होती.

सेकुरूंचं एक खूळ होतं. चुलीवर मक्याच्या सादझाची हंडी चढल्याशिवाय ते बसत नसत. "उपाशीपोटी कान चालत नाहीत," म्हणत. मग वोंगाई त्यांच्यासमोर बसे आणि तिच्या पाठीमागे तिची आजी, अंबुया, पीठ घाटत राही. पळी उचलून घट्टपणा बघायची, पुन्हा खाली दाबायची.

"यांचं लक्ष सुरात कुठलं? हंडीत!" अंबुया हसायची.

त्या रविवारी शेवटची पट्टी राहिली होती. अंबुया तापानं आत पडली होती. चूल थंड.

"आज राहू दे," सेकुरू म्हणाले.

वोंगाईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लोहार उद्या भट्टी पेटवतोय. एवढीच एक पट्टी. मग मी जेवायला करते ना."

तिनं सूर वाजवला. पुन्हा वाजवला. सेकुरूंचे ओठ नुसते हलले. इतका मोठा वादक, आणि आता विसरायला लागला, असं वाटून तिनं तो सूर तिसऱ्यांदा वाजवला.

"वर घे गं, पोरी! केवढा पडलाय तो!" आतून अंबुया ओरडली.

वोंगाईनं दचकून मागं पाहिलं, मग आजोबांकडे. ते जागचे हलले नव्हते. थंड चुलीशेजारी आडव्या पडलेल्या पळीकडे ते डोळे लावून बसले होते, ती उचलली जायची वाट बघत.