सहा बाटल्या, एक घोट

सम्यकने ग्लास फिरवला, नाक आत घातलं, घोटभर वाइन तोंडात घोळवली आणि बाजूच्या स्टीलच्या भांड्यात थुंकली. मग रमाकांत सरांना सांगितलं, की आधी जांभूळ लागेल, मागून मिरी येईल आणि शेवटी तोंड जरा कोरडं पडेल. मटणाबरोबर घ्या सर, माशाबरोबर नको.

परळच्या टॉवरखालच्या त्या दुकानात शनिवारी दुपारी नेहमीच्या गिऱ्हाइकांना नवा माल चाखवायचा रिवाज होता. आज नाशिककडच्या एका लहान मळ्याची लाल वाइन आली होती. मळेवाल्याने केल्याच तीनशे बाटल्या, त्यातल्या दुकानाच्या वाट्याला सहा. शेठने सकाळीच सांगून ठेवलं होतं, आज या सहा खपवल्यास तर पुढची खरेदी तुझ्या हातात. नाशिकला जायचं, मळे फिरायचे, माल तू निवडायचास. चिंचपोकळीच्या चाळीतला हा पोरगा सात वर्षं काउंटरमागे याचीच तर वाट बघत होता. कुठला कोर्स नाही, कोणाची ओळख नाही. बाटल्या पुसता पुसता नाक तयार केलं होतं त्याने.

रमाकांत सर दादरचे, रिटायर्ड साहेब, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. बोलायला अगदी गोड. बायको कालिंदीबाईही सोबत होत्या. सरांनी दोन घोट घेतले, पसंतीची मान हलवली आणि एकदम विचारलं, तू कधी गिळत का नाहीस रे?

सम्यक म्हणाला, या धंद्यात असंच करतात. दिवसाला दहा-दहा वाइन चाखायच्या, गिळून कसं चालेल? ते खरंच होतं. पण सर कुठले ऐकायला. इतकी वर्षं बघतोय म्हणाले, दिवाळीच्या पार्टीतसुद्धा घोट घेतला नाहीस. सात वर्षं नुसतं 'सम्यक' चाललं होतं, आज त्यांनी आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. सर "अच्छा" म्हणाले. हा असा अच्छा ज्याने आयुष्यात कधी ऐकला असेल, त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

"म्हणजे तुमचं ते पाचवं शील," सर म्हणाले. "दारूला शिवायचं नाही. वाचलंय मी सगळं. आदर आहे मला."

आदर आहे म्हणत म्हणत त्यांनी ग्लास त्याच्यापुढे सरकवला. जी वाइन तू स्वतः गिळत नाहीस ती मी कुठल्या भरवशावर घ्यायची? एक घोट गिळ, सहाच्या सहा माझ्या.

सम्यकने आधी हसण्यावारी न्यायचं बघितलं. सर हसले नाहीत. मग त्याने जे होतं ते सांगून टाकलं.

"सर, आईला शब्द दिलाय. नोकरी कर म्हणाली, पण एक थेंब पोटात जाता कामा नये."

एवढ्यावर कोणीही भला माणूस गप्प बसला असता. पोरगा दारूच्या दुकानात कामाला, म्हणून विहारात चार बायका त्याच्या आईला, कमळाबाईला, टोमणे मारायच्या आणि ती ताठ मानेने ऐकून घ्यायची, ती या एका शब्दावर. कालिंदीबाई म्हणाल्या, अहो, जाऊ द्या ना. सर म्हणाले, मी कुठे जबरदस्ती करतोय, त्याची मर्जी.

सम्यकने शेठकडे पाहिलं. शेठ खोक्यावरचं लेबल वाचत होता. एवढं बारीक अक्षर त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, हे सम्यकला चांगलं ठाऊक होतं. शेठने तोंडातून एक शब्द काढला असता तरी भागलं असतं. पण त्याचं वाचन काही संपेना.

सम्यकला लाज वाटली, संताप आला आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे नाशिकचे मळेही आले. माणसाचं मेलं असंच असतं. त्याने ग्लास उचलला आणि घोट गिळला. सात वर्षं लोकांना चवी समजावणाऱ्या त्या पोराला त्या घोटाची चव काही कळली नाही. घशाखाली नुसतं गरम गरम काहीतरी गेलं.

सर बायकोकडे वळले. आवाज मुळीच खाली न आणता म्हणाले, "बघितलंस? म्हणे आईला शब्द दिलाय. सहा बाटल्यांत मोडला."

कालिंदीबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

सरांनी बोलल्याप्रमाणे सहाच्या सहा घेतल्या, तिथे खोट नाही. शेठला लगेच चष्मा सापडला. बिल करता करता त्याने सम्यकच्या पाठीवर थाप मारली, सोमवारी नाशिकला जायचं म्हणाला. सम्यकला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. एकेक बाटली कागदात गुंडाळून तो खोक्यात भरत होता. हात जराही थरथरत नव्हते, आणि त्या हातांचाच त्याला सगळ्यात जास्त राग येत होता.

निघता निघता सरांनी खोक्यातली एक बाटली काढून त्याच्यापुढे धरली.

"ही तुला. आता काय, अडचण उरली नाही. घरी ने, आईलाही दे घोटभर."

सम्यकचे हात खालीच राहिले. शेठने त्याला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, थँक यू म्हण.

"थँक यू, सर," सम्यक म्हणाला. बाटली काखेत धरून तो पुढे झाला आणि त्या दोघांसाठी त्याने दुकानाचं दार उघडून धरलं.