न म्हटलेली ओळ

चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत 'देहाच्या पुनरुत्थानावर माझी श्रद्धा आहे' ही ओळ आली की ब्रिजित ओठ मिटून घ्यायची. मेलेला नवरा इनास परत उठावा, असं तिला चुकूनही वाटत नव्हतं. दारूच्या नशेत त्याने तापलेल्या उलथन्याने दिलेला चटका तिच्या मनगटावर अजून होता.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सासूच्या दफनासाठी, घरातली कबर पुन्हा वापरायच्या गावच्या रिवाजाप्रमाणे, इनासचीच जुनी कबर उघडली. हाडं काढून ठेवायला पांढरं कापड आणलं होतं. पण पेटीत हाडं नव्हतीच. लग्नातला कोट नीट घडी करून ठेवलेला, आणि तोंडावरचा रुमाल वेगळा, गुंडाळलेला, येशूच्या रिकाम्या कबरीत सापडला होता तसाच. फादर गुडघ्यांवर बसले. बायका 'आलेलुया' म्हणत रडू लागल्या.

ब्रिजित मात्र त्या घडीकडेच बघत राहिली. त्या माणसाने जन्मात कधी कपड्याची घडी घातली नव्हती.

सासूला मातीआड करून ती घरी आली, तर दार उघडं. आत चूल पेटलेली, सुके बोंबील भाजल्याचा वास सुटलेला.

"ब्रिजित, भिऊ नको," आतल्या अंधारातून ओळखीचा आवाज आला.

ती उंबऱ्यावरच थांबली. संसारात जे बोलायची कधी हिंमत झाली नाही, ते आज बोलली. "आधी तुमचे हात दाखवा."

चुलीच्या उजेडात दोन हात पुढे आले, रिकामे. एका मनगटावर उलथन्याचा चटका होता, ताजा, फोड आलेला.

ब्रिजितने स्वतःचं मनगट चाचपलं. कातडी लहान मुलीसारखी नितळ होती.