शब्दकोड्याची पेन्सिल

रँडलनं पेन्सिल खोडरबराच्या बाजूनं पिस्तुलाच्या नळीत सोडली, नळी छताकडे धरली आणि चाप ओढला. खट्. पेन्सिल उडाली, स्वयंपाकघराच्या छताला लागली आणि थेट पॅनकेकच्या पिठात येऊन पडली.

"बघितलंस?" तो म्हणाला. "चाप ओढला की आतली पिन गोळीवर आदळते, तशी पेन्सिलवर आदळली. जुन्या पिनवर पेन्सिल जागची हलत नव्हती."

त्याची आई, आर्लीन, हातात कालथा घेऊन उभी होती. पिस्तूल तिनंच वरून आणून दिलं होतं, पेन्सिलही. दोन्ही वस्तू नवऱ्याच्या उशाशी असायच्या. पिस्तूल उशीखाली, शब्दकोड्याची पेन्सिल शेजारच्या टेबलावर. नवरा, क्लिफर्ड, बाहेर यंत्रानं गवत कापत होता. यंत्राची घरघर खिडकीतून आत येत होती.

रँडलनं पेन्सिल पिठातून काढून पुसली. "बाबा फार खोडतात वाटतं. रबर बघ, काळं ठिक्कर पडलंय."

"एक कोडं पुरं करत नाही तो," आर्लीन म्हणाली. मग तिनं गॅस बारीक केला. "पिन बदललीस तू?"

"पिन, स्प्रिंगा, मुठीच्या पट्ट्या. सगळं."

पिस्तूल जर्मन होतं. क्लिफर्डनं ते महायुद्धातून आणलं होतं. कुणाकडून आणि कसं, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. रँडल आठवडाभर डेटनमधल्या दंतवैद्यांना खुर्च्या विकायचा आणि शनिवार-रविवार जत्रेच्या मैदानातल्या मोठ्या हॉलमध्ये लष्करी पिस्तुलांच्या सुट्या भागांच्या टेबलांवर घालवायचा. तिथली माणसं स्वतःचा गुडघा बदलायला घाबरतात. पिस्तुलाचं मात्र काहीही बदलतात. बापाचं पिस्तूल 'साफ करून आणतो' म्हणून त्यानं नेलं. गोळीबाराच्या मैदानावर एकही गोळी उडेना. हॉलमधल्या एका टेबलामागच्या व्हर्जिलनं पिन भिंगाखाली धरली आणि निदान केलं : "युद्धाच्या शेवटच्या वर्षातलं पोलाद. झिजणारच." आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकानं ती पिन पाहिलीही नव्हती.

गुरुवारी, बापाच्या पंचाहत्तरीला, रँडलनं पिस्तूल परत दिलं. क्लिफर्ड "छान" म्हणाला आणि त्या रात्रीपासून खाली सोफ्यावर झोपू लागला. पाठ दुखते म्हणाला.

"ती झिजली नव्हती," आर्लीन म्हणाली. "मी घासली होती."

रँडल हसला. मग हसायचा थांबला. युद्धाच्या काळात आई विमानाच्या कारखान्यात व्हॉल्व्ह घासायला होती, हे त्याला उशिरा आठवलं.

"बाबा परत आला तो पहिलाच हिवाळा. झोपेत ओरडायचा आणि हात उशीखाली जायचा. मी म्हटलं, ते लांब ठेव. तर रात्रभर पलंगावर बसून राहिला. मग एक दिवस तो कामावर गेला, मी पिन काढली आणि टोक घासून टाकलं."

"अगं, गोळ्या काढून ठेवायच्या!"

"रोज बघतो तो. मी दात घासत असते तेव्हा मला खटखट ऐकू येते. भरलंय ना, ते बघत असतो."

"आणि झोपेत कधी त्यांनी चाप..."

"दोनदा. एकदा कपाटावर." तिनं पॅनकेक उलटला. "एकदा माझ्यावर."

बाहेर यंत्र खिडकीखालून गेलं आणि वळलं.

"त्याला कळलं ना, की उशाला इतकी वर्षं नुसतं लोखंड होतं, आणि ते बायकोनं केलं," आर्लीन म्हणाली, "तर तो मेलाच म्हणून समज. असा बघत काय बसलास? नीट कर ते. म्हणजे, बिघडव."

सुट्या भागांच्या नादातली ही माणसं काही फेकत नाहीत, तेवढं एक बरं. जुनी पिन रँडलच्या ट्रकमध्ये तंबाखूच्या डबीत होती. तो धावत जाऊन आला. पिस्तूल उघडताना वरचं झाकण उडून टोस्टरवर आपटलं. बाहेरची घरघर थांबली.

"आले?"

"नाही. गवताची पिशवी रिकामी करतोय. हात चालव."

"तू तिथून हल बरं, उजेड अडतोय."

"खुर्च्या विकतोस तेव्हाही असाच थरथरतोस का रे?"

झाकण बसलं. त्याच क्षणी मागचं दार उघडलं. तव्यावरचा पॅनकेक करपून गेला होता, पण ते दोघांच्याही लक्षात नव्हतं.

क्लिफर्डनं टेबलावरचं पिस्तूल पाहिलं, मुलाचे तेलकट हात पाहिले, बायकोकडे पाहिलं. त्यानं हात धुऊन पुसले. पिस्तूल उचलून आत गोळी नाही याची खात्री केली. मग शर्टाचं बटण लावावं तितक्या सवयीनं त्यानं न बघताच पेन्सिल उचलली, खोडरबराच्या बाजूनं नळीत सोडली, नळी छताकडे धरली आणि चाप ओढला.

खट्. पेन्सिल जागची हलली नाही.

त्यानं नळी तिरकी करून ती तळहातावर घेतली.

"क्लिफ," आर्लीन म्हणाली, "तू रोज रात्री हे..."

"तू दात घासत असतेस तेव्हा."

"मला वाटायचं, भरलंय ना ते बघतोस."

"उडत नाही ना, ते बघतो."

त्यानं पेन्सिल खिशाला लावली, खुर्ची ओढली आणि करपलेला पॅनकेक आपल्या ताटलीत घेतला.

"आज मी वर झोपतो," तो म्हणाला.