जादा सूच्या

चंद्राबाईच्या नवऱ्याचं कार्ड सापडलं. आता ते सापडलंच नाही असं धरून चला, कारण सकाळी साताऱ्याच्या जवानांच्या कचेरीत ते सापडायची काही सोयच नव्हती.

जिल्ह्यातल्या प्रत्येक जवानाचं कार्ड तिथं होतं. आलं तसं कपाटात ठेवलेलं. कुठलं कुठं आहे हे सांगायला आठ सूच्या. नवं कार्ड आलं की आठही सूच्यांत लिहायचं. तोवर जवान सुट्टीवर येऊन परत जायचा. शेवटी साहेबांनी हुकूम काढला, जादा सूच्या रद्दीत घाला. सहा गेल्या, कुणाचं काही अडलं नाही. उरल्या दोन: आकाराम कारकुनाची गाववार आणि भाऊसो कारकुनाची नाववार.

आकारामनं विचार केला, बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, गावच सांगतात. म्हणजे जादा ती भाऊसोची. त्यानं ती गुपचूप रद्दीच्या ट्रकात टाकली. ट्रक सांगलीला गेला.

आज चंद्राबाई दारात उभी. पोराला जवानांच्या वसतिगृहात घालायचं होतं, बापाच्या कार्डाचा नंबर हवा होता, आणि मुदत आजचीच.

"मालकांचं नाव काय, बाई?"

"नाव कसं घिऊ, भाऊ? गाव गिरवी. मालक सरहद्दीवर हायती."

"बघ," आकाराम भाऊसोकडं वळला, "गावच सांगत्यात. माझी सूची काढ."

भाऊसो खाली बघत म्हणाला, "ती मी रद्दीत घातली, गड्या. जवान पत्रात नुसतं नावच लिवतात. म्हनलं, तुझीच जादा."

"आन् तुझी मी घातली रं."

मग आकारामनं पहिलं कपाट उघडलं. मनात वाचलं तर एखादं निसटेल म्हणून मोठ्यानं वाचायला लागला. नाव, गाव. नाव, गाव. लाल रेघेचं कार्ड आलं, परत न आलेल्याचं, की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. भाऊसो खुर्चीतून कधी उठून उभा राहिला ते कुणाला कळलं नाही. साहेब ओरडायला म्हणून बाहेर आले आणि टोपी काढून दारातच थांबले. वीस वर्षं आकाराम या कपाटांशेजारी डबा खात होता. आत एवढी माणसं आहेत, हे त्याला आज कळलं.

ऊन कलल्यावर एका नावाला चंद्राबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आकारामनं अर्ज दिला:

"नवी सूची करण्यास हरकत नाही. मात्र वर्षातून एक दिवस ती कुलपात ठेवून सर्व कार्डे पहिल्यापासून मोठ्याने वाचण्यास मंजुरी मिळावी. वाचन संपेपर्यंत कार्यालयात कोणीही खुर्चीत बसू नये, ही नम्र विनंती."